मगवर सब्लिमेशन प्रिंट नीट यायला काय काय लागतं, पहिल्यापासून सगळं

मग प्रेस (मगभोवती तापणारा पट्टा आवळणारं यंत्र) घरी आली की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, टेंपरेचर किती ठेवू आणि टाइम किती ठेवू. कोणी सांगतं १८० ला १८० सेकंद, कोणी म्हणतं २०० ला ९०, व्हिडिओवाला तिसरंच काहीतरी सांगतो, आणि तिघांचेही मग झक्कास निघालेले दिसतात, फक्त तुमचाच फिका नाहीतर डागाळलेला. याचं साधं कारण म्हणजे प्रेसच्या डिस्प्लेवर दिसतो तो आकडा प्रेसच्या पट्ट्यातल्या सेन्सरचा असतो, मगच्या पृष्ठभागाचा नसतो, आणि प्रत्येक प्रेसमध्ये या दोन्हींतला फरक वेगळा. त्यामुळे दुसऱ्याचा नंबर घेऊन सुरुवात करा, हरकत नाही, पण शेवटी स्वतःचा नंबर स्वतःच काढावा लागतो. तो कसा काढायचा आणि त्याच्या आधी कुठल्या गोष्टी सरळ करून घ्यायच्या ते खाली क्रमाने लिहितोय. मी घरातल्या एका खोलीत हे काम करतो, मोठा सेटअप नाही, त्यामुळे हे सगळं छोट्या कामाच्या हिशोबानेच वाचा.

१. आधी हे होतं कसं ते दोन मिनिटांत

सब्लिमेशन शाईने डिझाइन कागदावर छापायचं, तो कागद मगवर गुंडाळून प्रेसमध्ये तापवायचा, की चित्र कागदावरून मगवर जातं. या शाईतला रंग तापला की वितळत नाही, सरळ वायू होतो. हे साधारण १८० ते २०० डिग्रीच्या आसपास नीट घडतं. मगवर पॉलिमरचं पारदर्शक कोटिंग असतं, गरम झालं की ते सैल पडतं, रंगाचा वायू त्यात शिरतो, आणि गार झाल्यावर आतच अडकून बसतो. म्हणून नखाने खरवडलं तरी प्रिंट निघत नाही.

यातून तीन गोष्टी आपोआप कळतात. कोटिंग नसलेल्या मगवर काहीही केलं तरी प्रिंट टिकणार नाही, घरातला चहाचा कप घेऊन प्रयोग करू नका. पांढरी शाई या प्रकारात नसते, जिथे डिझाइनमध्ये पांढरं आहे तिथे मगचा स्वतःचा पांढरा दिसतो, त्यामुळे गडद रंगाच्या मगवर फोटो येत नाही. आणि वायू कुठेही पसरतो, म्हणजे कागद आणि मग यांच्यात जरा जरी फट राहिली तर तिथली प्रिंट धूसर येणारच. माझ्या मते नवीन माणसाच्या अर्ध्याहून जास्त तक्रारी या तिसऱ्या गोष्टीच्या असतात आणि तो बिचारा टेंपरेचर वरखाली करत बसतो.

२. काय काय सामान लागतं

- सब्लिमेशन शाई भरलेला इंकजेट प्रिंटर
- सब्लिमेशन पेपर, ए४, १०० जीएसएमच्या आसपासचा
- मग प्रेस, आणि थ्री पिनचा चांगल्या अर्थिंगचा पॉइंट
- कोटिंगवाले ११ औंसचे पांढरे मग, पहिल्या खेपेला एकच बॉक्स
- हीट टेप, ती तपकिरी पारदर्शक असते ती
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड
- कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट
- साधा कोरा बटर पेपर
- जाड हातमोजे
- मार्कर आणि एक वही. वहीला हसू नका, पुढे कळेल

मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला एक चक्कर मारा, गिफ्ट आणि स्टेशनरीचा होलसेल माल तिथे असतो. बाकीच्यांना ऑनलाइन मागवता येतं, पण मगच्या बाबतीत कुरिअरमध्ये फुटण्याची तयारी ठेवा आणि बॉक्स उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, नाहीतर कोणी बदलून देत नाही.

अर्थिंगचं मुद्दाम लिहितोय. स्वस्तातल्या प्रेसच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकू येते, आणि आपण ती प्रेस दिवसभर हाताळणार असतो. इलेक्ट्रिशियन बोलवून पॉइंट तपासून घ्या, मगच प्रेस लावा. खोलीत एक्झॉस्ट नाहीतर निदान उघडी खिडकी पाहिजे, त्या वासात कोंडून बसू नका.

३. मग घेताना

दुकानात सगळे मग पांढरे आणि चकचकीत दिसतात. खुर्जाचे सिरॅमिक मग प्रसिद्ध आहेत आणि स्वस्तही मिळतात, पण साधा ग्लेझ वेगळा आणि सब्लिमेशन कोटिंग वेगळं, त्यामुळे दुकानदाराला "सब्लिमेशन कोटिंगवाला" असं स्पष्ट विचारा. हातात घेऊन ट्यूबलाइटखाली तिरका धरून फिरवा. ट्यूबचं प्रतिबिंब सरळ रेषेत दिसलं तर कोटिंग एकसारखं आहे, लाटा दिसल्या, संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत दिसलं किंवा बारीक टोचल्यासारखी भोकं दिसली तर ठेवून द्या. प्रिंटमध्ये त्या प्रत्येक भोकाचा पांढरा ठिपका होतो.

दुसरी तपासणी घरी. एक मग काहीही न लावता, फक्त कोरा कागद गुंडाळून प्रेसमध्ये पूर्ण वेळ ठेवा. पांढरा पांढराच राहिला तर माल चांगला, पिवळसर झाक आली तर कोटिंग हलकं, आणि अशा मगवर बाळाच्या फोटोतलं बाळ कायम कावीळ झाल्यासारखं दिसणार. नवीन लॉट आला की हे दरवेळी करा, एकाच दुकानाचा माल असला तरी लॉट बदलला की कोटिंग बदलू शकतं.

मग सरळ उभा आहे का तेही बघा. काही मग तळाकडे किंचित निमुळते असतात, त्यांना प्रेसचा पट्टा खाली नीट चिकटत नाही.

४. प्रिंटर आणि शाई

आपल्याकडे या कामाला बहुतेक जण एप्सनचे टाकीवाले प्रिंटर घेतात. एल१३०, एल३२५० हे चार कलरवाले, एल८०५ आणि त्यानंतरचा एल८०५० हे सहा कलरवाले. एप्सनच का, तर त्यांच्या हेडमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागात, शाई दाबाने बाहेर फेकली जाते, तापवून नाही. कॅनन, एचपीच्या साध्या इंकजेटमध्ये हेड शाई तापवतं आणि सब्लिमेशन शाईला ते चालत नाही. फोटोचं काम जास्त असेल तर सहा कलरवाला घ्या, चेहऱ्यावरच्या फिकट छटा त्यात मऊ येतात. नुसती नावं, लोगो, कोट्स करायचे असतील तर चार कलर पुरतात.

प्रिंटर नवाच घ्या आणि पहिल्यापासून त्यात सब्लिमेशन शाईच भरा. कंपनीची शाई ओतून एकदा वापरली आणि नंतर बदलली तर नळ्या पूर्ण साफ होईपर्यंत दोन्हींची खिचडी होते. बाहेरची शाई भरली की वॉरंटीवर पाणी सोडायचं, हे आधीच मनाशी ठरवून ठेवा.

हा प्रिंटर रोज थोडं काम मागतो. दोन-तीन दिवस बंद राहिला की, त्यातून एप्रिल-मे मध्ये विदर्भ मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, नोझल (हेडची शाई सोडणारी बारीक भोकं) सुकते. काम नसलं तरी दिवसाआड सगळ्या कलरची एक छोटी पट्टी काढा. गणपतीला नाहीतर सुट्टीत गावी जाणार असाल तर शेजारच्या कोणाला तरी चावी देऊन जा, आल्यावर चार वेळा हेड क्लीनिंग करून शाई वाया घालवण्यापेक्षा ते बरं. आणि रोज पहिलं काम नोझल चेक (प्रिंटर छापून देतो ती चाचणीच्या रेघांची पट्टी), एक रेघ जरी तुटक दिसली तर फोटोत आडव्या रेषा येतातच, कागदावर त्या कळत नाहीत, मगवर लख्ख दिसतात.

५. डिझाइनचा साइज आणि मांडणी

११ औंसचा मग साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच असतो आणि त्याचा घेर २५-२६ सेंटिमीटर. कानाच्या दोन्ही बाजूंना पट्टा पोचत नाही, त्यामुळे हाताशी राहते ती २० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच पट्टी. सुरुवातीला हाच साइज धरा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो २३६२ बाय १०६३ पिक्सेल होतो. ए४ कागद उभा धरला तर अशा तीन पट्ट्या बरोब्बर एकाखाली एक बसतात आणि टेप लावायला कडेने थोडा कोरा कागदही उरतो.

महत्त्वाचा मजकूर, चेहरा, तारीख वगैरे वरच्या-खालच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर तरी आत ठेवा. मग तोंडाशी आणि तळाशी वळलेला असतो, तिथे दाब कमी पडतो आणि प्रिंट फिकी येते.

फोटो कुठल्या बाजूला टाकायचा याचा घोळ खूप होतो. न उलटवलेलं सरळ डिझाइन डोळ्यासमोर आणा. पट्टीचा उजवा भाग उजव्या हाताने चहा पिणाऱ्याच्या तोंडासमोर येतो आणि डावा भाग समोर बसलेल्याला दिसतो. वाढदिवसाच्या मगवर माझी पद्धत अशी की फोटो उजवीकडे, ज्याचा मग आहे त्याला तो दिसला पाहिजे, आणि नाव डावीकडे. ऑफिसचा लोगो असेल तर बरोबर उलट, तो समोरच्यालाच दाखवायचा असतो. गिऱ्हाईक डावखुरं आहे का हे विचारलंत तर त्याला फार भारी वाटतं, असा माझा अनुभव.

फोटो मागवताना व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे सांगायला विसरू नका. साधा फोटो म्हणून आला की तो दाबला जातो आणि मगवर चेहरा पुसट येतो, त्यावर कितीही शार्प केलं तरी उपयोग नाही. स्टेटसचा स्क्रीनशॉट पाठवणारे तर भेटणारच, त्यांना फोटो लहान साइजमध्येच चांगला येईल असं आधीच सांगून टाका.

मराठी मजकुराचा वेगळा ताप आहे. फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केलं आणि जोडाक्षरं तुटली, वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जाऊन वर्ल्ड रेडी लेआउट निवडा, जुन्या व्हर्जनमध्ये त्यालाच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं नाव आहे, आणि नवीन फाइल उघडून परत टाइप करा. गिऱ्हाईक श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर पाठवतं आणि तुमच्याकडे तो फॉन्ट नसतो तेव्हा सगळं अगम्य दिसतं, तिथे वेळ न घालवता युनिकोडमध्ये नव्याने टाइप करणं सोपं. मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत आणि त्यांची जाडी मगवर छान वाचता येते. अगदी बारीक रेघांचे, नक्षीदार फॉन्ट टाळा, वायू किंचित पसरतोच, तेव्हा "ष" आणि "श्र" यांच्या पोटातल्या जागा भरून जातात. प्रिंट काढण्याआधी मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून) घ्या आणि नावाचं स्पेलिंग गिऱ्हाइकाकडून लेखी ओके करून घ्या. "ऋतुजा" आणि "ऋतूजा" यावरून मग परत येतात.

६. रंगांचं काय

पहिल्यांदा कागदावरची प्रिंट बघून घाबरायला होतं, सगळं मळकट, काळा तर राखाडी. ते तसंच असतं. रंग खरे दिसतात ते तापल्यावर. कागद बघून फोटो उजळ करत बसू नका.

स्क्रीन आणि मग यांच्यातला फरक कमी करायला शाई विकणाऱ्याकडून त्या शाईचा आणि तुमच्या प्रिंटरचा आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवणारी फाइल) मागा, चांगले विक्रेते देतात. तो लावायचा एकाच ठिकाणी. फोटोशॉपमध्ये प्रोफाइल निवडला तर प्रिंटर ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन पूर्ण बंद, नो कलर अॅडजस्टमेंट. दोन्हीकडे चालू राहिलं की दोनदा दुरुस्ती होते आणि माणसं लालबुंद नाहीतर हिरवट दिसतात. प्रोफाइल नसेल तर निदान पेपर टाइप मॅट, क्वालिटी हाय, आणि हाय स्पीड बंद, एवढं कायम एकसारखं ठेवा. शाईची कंपनी दर महिन्याला बदलायची नाही, दोन रुपये वाचतात आणि सगळे रंग हलतात.

भगव्याबद्दल खास. आपल्याकडे ऑर्डरमध्ये भगवा हटकून असतो आणि तो स्क्रीनवर एक आणि मगवर दुसराच दिसतो, कधी लालकडे झुकतो तर कधी पिवळ्याकडे. एक काम करा, भगव्याच्या दहा-बारा छटांचे चौकोन करा, प्रत्येकाखाली त्याचा नंबर लिहा आणि ती पट्टी एका मगवर छापून टेबलावर ठेवा. गिऱ्हाईक मगवर बोट ठेवून सांगतं हा पाहिजे, वाद संपतो. त्याच मगवर काळा, राखाडी, त्वचेच्या तीन-चार छटा आणि कुंकवाचा लालही घालून ठेवा.

७. मिरर आणि प्रिंट

प्रिंट उलटी काढायची, म्हणजे आरशातली. सापळा असा की काही जण डिझाइनमध्येही उलटं करतात आणि एप्सनच्या ड्रायव्हरमधलं मिरर इमेजही टिक करून ठेवतात, दोन उलट मिळून सुलट, आणि मगवर नाव उलटं. कुठलं तरी एकच ठिकाण ठरवा. मी ड्रायव्हरमध्ये टिक ठेवतो, त्यामुळे फाइल नेहमी सरळ राहते. कागद बाहेर आला की अक्षरं वाचायचा प्रयत्न करा, सहज वाचता आली तर तो कागद प्रेसकडे न्यायचा नाही.

स्केल शंभर टक्के, फिट टू पेज बंद. कागदाची कोटिंगवाली बाजू जास्त पांढरी असते, शाई त्याच बाजूला.

८. कागद आणि पावसाळा

जून ते सप्टेंबर, खास करून कोकण-मुंबई पट्ट्यात, कागद हवेतला ओलावा ओढतो. प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि बाहेर जायला जागा नसली की प्रिंटमध्ये ढगासारखे फिके डाग पडतात, कधी बारीक निळे ठिपके. लोक शाईला दोष देतात. कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका, चार-पाच शीट बाहेर काढा आणि बाकीचे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. छापलेला कागद दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली वाळू द्या. तरी डाग आले तर गुंडाळण्याआधी कागद तापलेल्या प्रेसच्या जवळ काही सेकंद नुसता धरा, चिकटवायचा नाही, कागद कुरकुरीत लागला की पुरे.

९. मग पुसणं आणि कागद गुंडाळणं

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, इथे घाई करू नका.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर राहतो. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू चिकटतात आणि प्रत्येक तंतूची रेघ प्रिंटमध्ये उमटते. पुसल्यावर मग फक्त कानाला धरायचा.

पट्टी कापताना उंचीला मगपेक्षा जास्त ठेवू नका, बाहेर आलेला कागद दुमडतो आणि दाब बिघडवतो. आता मग आडवा, कान तुमच्याकडे. कागदाच्या मध्यावर पेन्सिलने मागच्या बाजूला खूण करा, कानाच्या बरोबर समोर ती खूण आली पाहिजे. कागदाची खालची कड तळाला समांतर धरून एका टोकाला, कानाच्या शेजारी, टेपचा उभा तुकडा लावा. आता अंगठ्याने मधून बाहेर असा कागद ताणत ताणत मगवर झोपवत न्या आणि दुसऱ्या टोकाला ताण न सोडता टेप लावा. नंतर वर दोन, खाली दोन छोटे तुकडे. टेपचं एक टोक दोन-तीन मिलिमीटर दुमडून ठेवा, गरम मगवरून टेप काढताना नखं भाजत नाहीत.

तपासायचं कसं, तर बोटाच्या टोकाने कागदावर हलकी टिचकी मारा. घट्ट असेल तर भरीव आवाज येतो, सैल असेल तर फटफट वाजतो. फटफट वाजला तर टेप काढून परत, पर्याय नाही. टेप प्रिंटच्या भागावरून कमीत कमी न्या, तिची कड कधी कधी पुसट रेघ सोडते.

वरून बटर पेपरचा एक वेढा द्या, प्रेसचा पट्टा शाईने माखत नाही. वर्तमानपत्र अजिबात नको, त्याची शाई मगवर उतरू शकते.

१०. प्रेस, आणि तुमचा नंबर

आधी दाब. लिव्हर बंद करताना हाताला मध्यम जोर लागला पाहिजे. एका बोटाने बंद होत असेल तर सैल, दोन्ही हातांनी लटकावं लागत असेल तर जास्त, आणि जास्त दाबाने मग तडकतो नाहीतर पट्टा लवकर मरतो. पट्टा मगच्या वरखाली सारखा बसतोय ना आणि कान दोन टोकांच्या बरोबर मध्ये आहे ना ते बघा. वेगळ्या दुकानाचे मग आले की दाब परत लावायचा, एखाद-दोन मिलिमीटरचा फरकही पुरतो.

आता तापमान. प्रेस १८० ला तापली आणि थंड मग आत गेला की आकडा धाडकन खाली येतो आणि हळूहळू परत चढतो. काही प्रेसचा टायमर लिव्हर दाबल्याबरोबर सुरू होतो, काहींचा आकडा परत १८० ला पोचल्यावर. म्हणजे "१८० सेकंद" म्हटलं तरी दोन प्रेसमध्ये मग आत राहण्याचा खरा वेळ खूप वेगळा होतो, आणि दुसऱ्याचा नंबर तुमच्याकडे चालत नाही तो बहुतेक इथेच. तुमची प्रेस कुठल्या प्रकारची आहे ते मोबाइलचं घड्याळ लावून बघा.

आता चाचणी. छटांची जी पट्टी केलीत तीच घ्या, १८० डिग्री, मध्यम दाब, आणि तीन मग फक्त वेळ बदलून काढा, १५०, १८० आणि २१० सेकंद. बाकी काही हलवायचं नाही. तिन्ही मगच्या तळाला मार्करने वेळ लिहा. काळा रंग बघा. राखाडी, धुरकट काळा म्हणजे कच्चा. तपकिरी झाक असलेला काळा आणि कडा पसरलेल्या म्हणजे करपलेला. कोळशासारखा गडद आणि अक्षराची कड धारदार म्हणजे तुमचा वेळ सापडला. तिन्ही कच्चे वाटले तर वेळ वाढवण्याऐवजी तापमान पाच डिग्रीने वाढवून परत तिन्ही काढा.

आणि वापरलेला कागद फेकू नका, तो मगपेक्षा जास्त बोलतो. सगळीकडे सारखी फिकट सावली उरली असेल तर रंग नीट गेला. वरच्या कडेला गडद पट्टा उरला असेल तर तिथे दाब पोचला नाही. एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट म्हणजे पट्टा वाकडा बसतोय. मी नवीन लॉटचे पहिले कागद तारीख टाकून वहीत चिकटवतो, दोन महिन्यांनी प्रिंट बिघडली की जुन्या कागदाशी लावून बघतो, लगेच कळतं काय हललंय.

जो नंबर सापडेल तो मगच्या प्रकारासहित कागदावर लिहून प्रेसच्या वर भिंतीला चिकटवा.

व्होल्टेजचं लक्षात ठेवा. गावाकडे संध्याकाळी लाइट डिम होते तेव्हा प्रेस परत चढायला जास्त वेळ घेते, म्हणजे सकाळचा नंबर संध्याकाळी थोडा हलतो. मोठी ऑर्डर सकाळी काढा नाहीतर स्टॅबिलायझर लावा. छोट्या घरगुती इन्व्हर्टरवर प्रेस चालवू नका. सलग काम करताना पहिला मग थोडा कच्चा आणि पाचवा-सहावा जास्त शिजलेला येतो असं दिसलं तर दोन मगांच्या मध्ये प्रेस परत पूर्ण तापायला सारखाच वेळ द्या.

११. बाहेर काढल्यावर

टाइम झाला की मोजे घालून मग काढा आणि टेप सोडवून कागद एका झटक्यात ओढा. हळूहळू सोलला किंवा कागद सरकला तर गरम रंग शेजारी पसरतो आणि सावलीसारखी दुसरी आकृती दिसते. कागद तसाच ठेवून मग गार होऊ देणं हेही चालत नाही, आतून रंग सुटतच राहतो आणि कडा विरघळतात.

मग पाण्यात बुडवायचा की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात. बुडवला तर रंग तिथल्या तिथे थांबतो हे खरं, पण गरम सिरॅमिक एकदम गार पाण्यात म्हणजे तडा जायची भीती, आणि तडा कधी कधी लगेच दिसतही नाही, नंतर गिऱ्हाइकाच्या हातात दिसतो. मी बुडवत नाही. लाकडी फळीवर कान बाहेरच्या बाजूला ठेवून पंखा लावतो. बुडवायचाच असेल तर पाणी कोमट असू द्या. गरम मग एकाला एक लावून ठेवू नका आणि फरशीवर, ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवू नका.

१२. बिघडलंच तर आधी काय बघायचं

फक्त वर-खाली फिकं असेल तर दाब आणि मगचा निमुळतेपणा, तापमानाला हात लावू नका. सगळीकडे सारखं फिकं असेल तर वेळ-तापमान, आणि तेही बरोबर असेल तर कागदाची उलटी बाजू छापली गेलीये का ते. ढगाळ डाग म्हणजे ओलावा. पांढरे टोचे म्हणजे कोटिंग. रंगीत बारीक रेघा म्हणजे तंतू किंवा धूळ. आडव्या समान अंतरावरच्या रेषा म्हणजे नोझल. डबल इमेज म्हणजे कागद हलला. दोन दिवसांत स्पंजने घासून प्रिंट उडायला लागली तर कोटिंगच हलकं, त्यावर तुमच्याकडे इलाज नाही, तो लॉट दुकानदाराला परत.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वेळ, दाब आणि शाई तिन्ही एकदम बदलून मग चांगला आला तर कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात परत तिथेच.

बिघडलेले मग कपाटात ठेवा, त्यांची कोरी राहिलेली जागा चाचणीला उपयोगी पडते, नवीन शाईची बाटली उघडली की पहिला मान त्यांना.

१३. मॅजिक मग आणि बाकीचे प्रकार

पांढऱ्या मगवर हात बसल्याशिवाय इकडे येऊ नका. काळ्या मॅजिक मगवर उष्णतेने रंग बदलणारा थर असतो आणि जास्त तापला तर तो थर मरतो, गरम चहा ओतला तरी पूर्ण उघडत नाही, म्हणून पांढऱ्याच्या नंबरपेक्षा तापमान थोडं खाली घेऊन सुरुवात करा आणि हळूहळू वर या. प्रिंट झाली की उकळतं पाणी ओतून फोटो पूर्ण दिसतोय का ते स्वतः बघा, न बघता पॅक करू नका. आत रंगीत आणि कान रंगीत असलेले मग पांढऱ्यासारखेच. सोनेरी, चंदेरी मगवर मगचा रंग प्रिंटमध्ये मिसळतो, त्यामुळे चेहरे टाकू नका, नाव आणि काळी रेखाटनं छान दिसतात.

प्रेस नसेल तर सिलिकॉनचा पट्टा लावून ओव्हनमध्येही होतं, साधारण २०० डिग्रीला १२ ते १५ मिनिटं, पण त्या ओव्हनमध्ये परत जेवण करायचं नाही.

१४. ऑर्डर घेताना

पन्नास-शंभर मगांची ऑर्डर असेल तर एक मग पूर्ण करून उजेडात फोटो काढून पाठवा आणि त्यावर होकार आल्याशिवाय दुसरा लावू नका. मोजताना शंभरला पाच-सहा जादा मग हाताशी असू द्या, फुटणार, बिघडणार. राखी आणि गणपतीच्या आधी माल संपतो आणि भाव चढतो, तेव्हा जुलैतच भरून ठेवा.

सिनेमातले नट, क्रिकेटपटू, कंपन्यांचे लोगो छापून विकायला ठेवू नका, त्यांचे हक्क त्यांच्याकडे असतात. देवाचा फोटो उष्ट्या कपावर नको असं म्हणणारी माणसं घरोघरी असतात, ज्याला भेट द्यायची त्याला चालेल का हे गिऱ्हाइकाला एकदा विचारून घ्या.

पॅक करताना मग पूर्ण गार आणि कोरडा असू द्या, थर्माकोलच्या खोक्यात कान खाचेत बसला पाहिजे. आत एक चिठ्ठी टाका: पहिल्यांदा साबणाने धुवा, तारेची घासणी लावू नका, मॅजिक मग मायक्रोवेव्हमध्ये आणि डिशवॉशरमध्ये घालू नका, सोनेरी-चंदेरी मगही मायक्रोवेव्हमध्ये नको. तारेच्या घासणीची ओळ मोठ्या अक्षरात लिहा, घरात भांडी घासणारा माणूस वेगळा असतो आणि त्याच्यापर्यंत चिठ्ठी पोचत नाही.